मदतनिसाची मर्जी

ती. दादास, हातात झाडू धरूनच धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. टेलरिंगचं दुकान सुरू झालं, बाहेर पाटी लागली, गिऱ्हाईकही येतं. आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

इथे परदेशात धंदा काढला म्हणून सरकार मला राहू देतं, पण अट अशी की इथलाच एक माणूस कायम कामाला हवा. तो सोडून गेला तर परवाना रद्द, आणि मी घरी परत. म्हणून एक मदतनीस ठेवला. त्या गृहस्थाला ही अट माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे!

दुकान दहाला उघडतं, साहेब अकराला उगवतात. काज-बटण करा म्हटलं, तर "आज डोळे चुरचुरतात." काल एकाची पँट जरा आखूड करायची होती, ती घोट्याच्या वीतभर वर कापून ठेवली. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणतात, "मग जाऊ का मी?" झक मारत मीच चहा करून दिला. मालक म्हणे मी!

आईचे गुडघे कसे आहेत? वहिनी अजून माझ्यावर चिडलेली आहे का?

आज सकाळी झाडताना हात थांबला. तुझ्या दुकानात आठ वर्षं मीही अकरालाच यायचो, आणि तोवर झाडून झालेलं असायचं. दादा, तुला तर कुठल्या परवान्याची भीती नव्हती. मग मला का नाही हाकललंस?

तुझा,
धाकटा