एका दिवसाचं कापड

प्रकाशा,
२ फेब्रुवारी

चि. सौ. कामिनीस हेमकांतचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या कानातलं नवं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं, असं तुझ्या लेकाने, धर्मेंद्रने सांगितलं, म्हणून पुन्हा कागद-पेन घेऊन बसलो. एका परीने बरंच झालं. फोनवर तू मला बोलू देत नव्हतीस, इथे निदान माझं म्हणणं पुरं होईल.

आनंदाची बातमी आधी. आपल्या मयूरीचं लग्न ठरलं. मुलगा रनाळ्याचा, घरची शेती आहे आणि स्वतः नंदुरबारला नोकरी करतो. माणसं साधी वाटली. अक्षय्य तृतीयेनंतर पाचव्या दिवशी मुहूर्त आहे. तू अखाजीलाच माहेरी ये आणि लग्न उरकूनच परत जा. जावईबापूंना म्हणावं, इतके दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्या.

आता खरं कारण सांगतो. ही पोरगी म्हणते, लग्नात घागरा घालीन तो नंदुरबारच्या दुकानातून भाड्याने आणीन. भाड्याने! मंडपात मांडायच्या खुर्च्या भाड्याने आणतात, पोरीचे कपडे आणतात का? अंगावर कोणाचा घाम लागलेला, कोण कुठली नवरी तो घालून गेलेली. रंजनाला म्हटलं, तू आई आहेस, तू समजाव. तर ती तिच्याच बाजूची. मला म्हणते, "तुम्ही येडा व्हई ग्यात का? एक दिवसना कपडा तो."

मी कपड्यांवर उधळणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. माझे दोन पांढरे शर्ट वर्षभर पुरतात. तीही बापूंचीच शिस्त. आठवतं का, दिवाळीआधी बापू नंदुरबारहून एकच तागा आणायचे. त्यातून तुझा झगा, माझा शर्ट, बापूंची बंडी, आणि उरलं तर उशीचे अभ्रे. एका वर्षी तांबड्या फुलांचं कापड आलं तेव्हा गल्लीतली पोरं मला उशी म्हणायची. पण त्याच कापडाने तुला वाचवलं. सारंगखेड्याच्या जत्रेत तू हरवलीस, तेव्हा एक घोडेवाला तुझा झगा आणि माझा शर्ट ताडून तुला माझ्याकडे घेऊन आला. तू रडत नव्हतीस, रेवड्या खात होतीस.

तेव्हा साधेपणा मला कोणी शिकवायला नको. पण लेकीचं लग्न वेगळं. मी मयूरीला सरळ सांगितलं, उसना कपडा घालून मांडवात येणार असशील तर कन्यादानाला मी बसणार नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ती ऐकते ती फक्त तुझंच. तू लिही तिला.

या म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा
हेमकांत

•

प्रकाशा,
१४ फेब्रुवारी

ती. सौ. कामिनीफुईस तुझ्या भाचीचा, मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू रागावली नाहीस, फक्त विचारलंस, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

फुई, मला कपड्यांची हौस नाही असं समजू नकोस. उलट कुरियरवाल्याला आमचं घर पाठ झालंय. शहाद्याच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, तर अंगावर रंग तरी चांगला असावा असं मला वाटतं. एक म्हातारी दर महिन्याला तपासणीला येते. सुई टोचताना ती माझ्या ओढणीकडे बघत बसते आणि कुठून घेतली ते विचारते. मग मीही मुद्दाम तिच्या तारखेला नवी ओढणी घालते. बाबा प्रत्येक पार्सलला कपाळाला हात लावतात, पण मी जे घेते ते फाटेपर्यंत घालते.

लग्नाचा घागरा मात्र तसा नसतो. माझ्या मैत्रिणींचे घागरे पलंगाच्या पेटीत पडलेत. एकीच्या जरीला काळं चढलं. ती तो कोणाला देतही नाही आणि घालतही नाही. मला त्या दिवशी छान दिसायचंय, खूप छान. पण त्यासाठी तो कपडा जन्मभर माझ्या मालकीचा कशाला हवा?

हे बाबांना सांगायला गेले तर ते उठून केळीच्या मळ्यात निघून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. आई म्हणते, यात काहीतरी जुनं आहे, बाबा तुझ्या लग्नाचं नाव काढतात आणि गप्प होतात. तुझ्या लग्नात काय झालं होतं, फुई? मी त्यांना दुखावून मांडवात उभी राहणार नाही. तू म्हणशील तर साधी साडी नेसून लग्न करीन, पण मला कारण तरी कळू दे.

फुआंना नमस्कार. अखाजीला नक्की ये. झोका कडुनिंबालाच बांधणार आहोत, तुझी माया अशीच राहो.

तुझी
मयूरी

•

उधना, सुरत,
२५ फेब्रुवारी

ती. हेमकांतभाऊंस कामिनीचा सा. न. वि. वि.

मयूरीचं पत्र वाचलं आणि दोन दिवस शिवणाला हात लावला नाही. इकडे शेजारणींचे ब्लाउज पडून राहिले, त्यांची बोलणी खाल्ली, तीही तुमच्या नावावर.

भाऊ, मयूरीने विचारलंय, माझ्या लग्नात काय झालं होतं. मी आठवून पाहिलं. मला आठवतं ते असं की खूप ऊन होतं, आमरस पातळ झाला होता, आणि माझ्या अंगावर दगूबाईचा शालू होता. हिरवा, मोठ्या काठाचा. शेजारच्या दगूबाईनं तो स्वतःच्या हाताने मला नेसवला होता. आणि पंगतीत तिची बहीण सगळ्यांसमोर म्हणाली होती की हा तर आमच्या दगूचा शालू. हेच ना? तेव्हा तुम्ही वाढता वाढता हातातलं भांडं ठेवून निघून गेलात. मला वाटलं, ऊन लागलं.

नंतरच्या वर्षांत तुम्ही मायशी तुटक बोलायचात ते मी पाहत होते. मला वाटायचं, शेतीवरून काही असेल. दर भाऊबीजेला तुम्ही माझ्यासाठी भारीतली साडी आणायचात. वहिनीसाठी साधी आणि माझ्यासाठी भारी. माझी त्यावरून वहिनीसमोर मान खाली जायची. ती साडी त्या शालूची भरपाई आहे, हे मला आज या वयात कळतंय. तुम्ही कधी बोलला असता तर बरं झालं असतं.

आता नीट ऐका. मायने पैसे वाचवायला मला दुसऱ्याचं नेसवलं असं तुम्हाला वाटतं. तसं नव्हतं. शालूचे पैसे बापूंनी मायच्या हातात दिले होते. मी मायच्या मागे लागले की मला लुगडं नको, मशीन पाहिजे. शहाद्याला एका शिंप्याकडे मी बोट लावून मशीन फिरवून पाहिलं होतं, तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. माय आधी खूप रागावली. मग एका दुपारी वाल सोलता सोलता म्हणाली, "तू गुपचूप ऱ्हाय, बापूले मी सांगसू." पोरीने लग्नात स्वतः काही मागितलं हे बापूंना खपलं नसतं, आणि सासरीही बोभाटा झाला असता. म्हणून मशीन मामाने आहेरात दिलं असं सगळ्यांना सांगितलं, आणि शालू महाग पडतो म्हणून दगूबाईकडून आणला, असंही मायनेच सांगितलं. चिकट बाई हे नाव तिने आपल्यावर घेतलं. मला वाटलं, लोकांत दोन दिवस बोलणं होईल आणि विरेल. माझ्या सख्ख्या भावाच्या मनात ते घर करून राहील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्या मशीनवर मी उधन्यात घर चालवलं आहे, भाऊ. हे कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा धर्मेंद्रची फी त्यातून गेली. आणि खरं सांगते, त्या शालूत मी फार सुंदर दिसत होते. मला तो उसना वाटलाच नाही. दगूबाई नेसवताना म्हणाली होती, माझा संसार नीट झाला, तुझाही होईल.

मयूरीला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. तुमचा राग नको, तुमच्या पायाची धूळ मागते.

तुमची
कामिनी

•

प्रकाशा,
९ मार्च

सौ. कामिनीबाईंस रंजनाचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्राची वाट पाहत असाल म्हणून मीच लिहिते. यांचा काही हात चालत नाही.

तुमचं पत्र यांनी ओट्यावर बसून वाचलं. मी विचारलं, सगळे बरे आहेत ना, तर मान हलवली. जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक नाही. मग चप्पल घालून घाटाकडे गेले. मला काळजी वाटली, म्हणून देवळात जायचं निमित्त करून मीही मागे गेले. तापीच्या पाण्याजवळ खालच्या पायरीवर बसले होते, जिथे सासूबाईंचं दहावं केलं तिथेच. मी वरच्या पायरीवर बसून राहिले. मागे न बघताच म्हणाले, "माय शेवटला माले हाका मारी ऱ्हायनी व्हती आन मी पाणी दिसन बाहेर चालना गऊ." माय हाका मारत होती आणि हे नुसतं पाणी देऊन निघून गेले, एवढंच. मग रडले. कामिनीबाई, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आरतीची घंटा झाली तेव्हा दोघं उठलो.

मला तुमच्या भारी साड्यांचं कधी वाईट वाटलं नाही असं नाही, वाटायचं. पण आता कारण कळलं तर त्यातला सल गेला. आता मात्र यांना म्हणणार आहे, माझीही बाकी द्या. हसू नका, खरंच म्हणणार आहे.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मयूरी कामाला निघाली होती. हे अंगणात उभे होते. म्हणाले, रविवारी चल, कुठलं ते दुकान दाखव. ती गाडीवरून उतरली आणि यांच्या गळ्यातच पडली. हे आपले म्हणत होते, अगं हेल्मेट लागतंय.

दुकानात काय गंमत झाली ते ऐका. मयूरीने डाळिंबी रंगाचा घागरा काढला. तर हे दुकानदाराला म्हणतात, आणखी दाखवा, याची जर विरळ आहे. त्याने सगळं दुकान खाली काढलं. जन्मभर दोन शर्टांत राहिलेला माणूस पोरीच्या खांद्यावर ओढण्या धरून पाहत होता आणि मी कोपऱ्यात हसत होते. शेवटी भाड्याने ठरवला तो डाळिंबीच.

अखाजीला वेळेवर या. सांजोऱ्या तुमच्या हातच्याच हव्यात. लोभ आहेच, तो यंदा प्रत्यक्ष येऊन वाढवा.

आपली
रंजना

•

प्रकाशा,
११ मे

चि. सौ. कामिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेलीस आणि घर मोठं झालं. मांडव उतरवला, कडुनिंबाचा झोका मात्र मी सोडू दिला नाही. शेजारच्या पोरी झुलतात, आवाज येत राहतो.

गाडीत बसताना तू मला म्हणालीस, आता मायबद्दल मन साफ करा. ते एका दिवसात होत नाही, कामिनी. कधी सकाळी उठल्याबरोबर ते पाण्याचं भांडं डोळ्यांपुढे येतं. पण आता मी मायला मनात हाक मारू शकतो, इतकं झालं.

मयूरीचा घागरा परत करायला मीच गेलो. रंजना म्हणाली, कोणाला तरी पाठवा. मी म्हटलं, नाही, जातो. तिने घडी घालून दिली, हळदीचा एक छोटा डाग होता तो तिने लिंबाने काढला होता. नंदुरबारच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे, तर सांगितलं, मन्ही पोरना घागरा शे.

दुकानात एक बाप-लेक आधीच बसले होते. काठी गावाकडचे, डोंगरातले. बापाचं नाव आमशा. पोरगी नर्सिंग शिकते, तिचं लग्न येत्या आठवड्यात. दुकानदाराच्या मोबाइलवर फोटो पाहून तिने हाच घागरा पसंत केला होता आणि तो परत यायची वाट बघत दोघं सकाळपासून थांबले होते. मी पिशवी उघडली तशी पोरगी पुढे सरकली. आमशा मात्र मागे सरकला. त्याचा चेहरा मी ओळखला, कामिनी. जानेवारीत माझाच चेहरा तसा होता.

त्याने मोडक्या मराठीत दुकानदाराला विचारलं, हा आधी कोणी घातला? दुकानदार गडबडला. म्हणाला, धुऊन देतो, इस्त्री करून देतो, नव्यासारखा होईल. आमशा तेच पुन्हा विचारत राहिला. मग मीच म्हणालो, माझ्या पोरीने घातला, सोमवारी तिचं लग्न झालं.

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता जात विचारील, गाव विचारील, किंवा नको म्हणून उठून जाईल. त्याने विचारलं, पोरगी तिकडे खूश आहे का?

खोटं बोलायचं नव्हतं. आठवड्याच्या आत कोणाच्या संसाराचं काय सांगणार? मी म्हणालो, दादा, पुढचं माहीत नाही, पण काल तिचा फोन आला होता, ती हसत होती. भाकरी करपली म्हणून सासूही हसत होती, मागून आवाज येत होता.

आमशाने हात पुसून घागऱ्याच्या काठावर ठेवला आणि पोरीला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. मला शब्द कळले नाहीत. पोरीने घागरा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला, आणि बापाच्या आधी माझ्या पाया पडली.

पत्र लगेच लिहीत जा. तुझं अक्षर दिसलं की दिवस बरा जातो.

तुझा
हेमकांत