वळणावरची धाप

१२ जून
ऐकली! चार वेळा ऐकली. बोईसरहून लेकीने, नयनाने, गेल्या वर्षीच्या नाचाचं नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली तिचा शेरा — "बाबा, किती छान!" छान म्हणे. वळणाच्या चालीत, रांग जिथे उलटी फिरते नेमकं तिथेच, माझा सूर तुटतो. अर्धा क्षण. मग पुन्हा सुरू. मधे धाप — म्हातारा बैल चढावावर टाकतो तशी.

ती मला ठाऊक होती. किती वर्षांपासून, ते इथेही लिहिणार नाही. पण पाड्यात एकाला ऐकू आली असेल तर शपथ! यांचे कान आहेत की कुडाला पडलेली भोकं? तारपा म्हणजे भोपळ्यातून फुंकलेला, न तुटणारा सूर. गालात हवा धरायची, ती तोंडाने सोडता सोडता नाकाने नवी घ्यायची. बाप माझा तासन्‌तास वाजवायचा, कधी तुटला नाही. आणि मी? पस्तीस वर्षं पोरांना "पुन्हा लिही" म्हणून ओरडलो. स्वतःची चूक मात्र दरवर्षी वाजतगाजत मिरवतो.

नव्या भाताच्या नाचापर्यंत ही धाप घालवायची. वय सहासष्ट. बघू.

१३ जून
अडचण अशी की नवा भात हाती येईपर्यंत तारपा आढ्यावरून खाली काढत नाहीत. मी विज्ञानाचा मास्तर, पण ही रीत मोडायची माझी छाती नाही. तेव्हा पपईच्या पानाचा पोकळ दांडा आणि ग्लासभर पाणी. दांड्यातून फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की नापास.

बायको, नवशी, बघून म्हणाली, "नातवंडां करतात ता, आन् आता तू."

अकरा सेकंद. निवृत्त मुख्याध्यापक!

२ जुलै
चाळीस सेकंद. चक्कर आली. खाटेची पाटी धरून उभा राहिलो. बायकोला सांगितलं नाही.

१९ जुलै
पांड्या आला होता. मी दमलो की तारपा याच्या हातात जातो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दिवसाला बिडीचं अख्खं बंडल, सराव नावाला नाही — आणि याचा दम तुटत नाही! देवाने छाती दिली आणि वरचा मजला रिकामा ठेवला. तो वाजवायला लागला की मी तिथे थांबत नाही. घरी येऊन पडतो. असूया आहे, दुसरं काही नाही. वहीपुढे कसली लाज!

ग्लास बघून हसला. "आता कशाला रं मास्तर? आहे ता बरा हाय."

आहे ते बरं! या तीन शब्दांनी आमच्या जिल्ह्याचं वाटोळं झालं. चहा पाजून वाटेला लावला.

९ ऑगस्ट
तलासरीला आदिवासी दिनाचा कार्यक्रम. पुढच्या रांगेत खुर्ची, गळ्यात रुमाल, हातात नारळ. पाहुण्याने चाळीस मिनिटं "आपली संस्कृती" सांगितली आणि गाडीत बसून गेला. मग प्रविण. माझाच विद्यार्थी, सातवीला दोनदा बसलेला. आता टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर लावून कीबोर्डवर तारप्याच्या चाली वाजवतो. पोरं बेभान. तो आवाज तारप्याचा असेल तर माझी म्हैसही गाते!

आणि वळणाच्या चालीत ते खोकं अडखळलं! यंत्राला ना छाती ना दमा, तरी मधेच गप्प! वायर सैल असणार. नक्कल करायलाही अक्कल लागते.

नंतर पाया पडला. "सर, तुमचीच चाल हाय."

म्हटलं, "कळलं." आणि बस पकडली.

२७ ऑगस्ट
डहाणूला डॉक्टर. छातीचा फोटो ठीक. तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं दिलं — ओढून श्वास घ्यायचा, गोळ्या वर चढतात. तिसरी गोळीही चढवून दाखवली. तो लेकाचा म्हणतो, "वा आजोबा! या वयात काहीतरी छंद असलेला चांगला."

छंद! ज्याच्या फुंकीवर अख्खा पाडा फिरतो, त्याला हा छंद म्हणतो. याने उद्या पेशंट तपासणं बंद केलं तर गल्लीतलं कुत्रंही वाट चुकणार नाही.

१५ सप्टेंबर
चार मिनिटं. एक बुडबुडा चुकला नाही. मग पाच. मी रडलो. साठी ओलांडलेला माणूस ग्लासापुढे बसून रडतो — असो, रडलो.

नवशी: "पपय बोडकी केलीस, आता रडून पानां येनार काय?"

हिला काय सांगायचं? जिला धाप ऐकूच आली नाही, तिला ती गेल्याचं कसलं कौतुक!

४ ऑक्टोबर
भात आला. देवाला दाखवला. तारपा खाली काढला, मेण नवं लावलं, एकटाच शेताच्या बांधावर गेलो. वळणाची चाल अखंड! बापासारखी. पुन्हा वाजवली, पुन्हा अखंड. उद्या या बहिऱ्यांना कळेल तारपा कशाला म्हणतात.

५ ऑक्टोबर
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

ऊन कलल्यावर नाच सुरू झाला. मी मधे. भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग, पुढे घुंगरांची काठी घेऊन रांगेचा म्होरक्या काळ्या. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी नेहमीसारखे डोळे मिटले. वळणाची चाल धरली. ती जागा आली — आणि मी थांबलो नाही! सूर सरळ पार गेला.

आणि धाडकन आवाज. डोळे उघडले तर रांग मोडलेली. रूपी खाली, बायजी तिच्यावर, निम्मी माणसं उजवीकडे, निम्मी डावीकडे, काळ्या काठी उचलून तसाच उभा. पोरांना हसू आवरेना.

काळ्या ओरडला, "मास्तर, चाल चुकला!"

मी? मी चुकलो? नाचता येईना अंगण वाकडं! म्हटलं, पुन्हा उभे राहा. पुन्हा वाजवली, अखंड. पुन्हा पडले! या वेळी रूपीचा घोटा मुरगळला.

मग पांड्याने माझ्या हातून तारपा घेतला. या वेळी मी घरी गेलो नाही, तिथेच उभा राहिलो. त्याने तीच चाल वाजवली. आणि त्या जागी थांबला. ज्याचा दम जन्मात तुटला नाही तो पांड्या, मुद्दाम, अर्धा क्षण थांबला. मग सूर लागला आणि पन्नास पाय एकदम जमिनीवर पडले. कुणी चुकलं नाही.

घरी नवशीला विचारलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "पयल्यांदा तुझा दम तुटला ना, तव्हां आम्हांला कळेना काय करायचा. काळ्यानं काठी उचलली, आम्ही पाय उचलला. तुझा सूर आला तव्हां टाकला. बिज्या वर्षी पन तसाच. पोरां तेच शिकली."

"किती वर्षं?"

"नऊ-दहा. मोजतंय कोन?"

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचा? चांगला दिसतो."

६ ऑक्टोबर
चांगला दिसतो!

७ ऑक्टोबर
चार महिने ग्लासात फुंकलं. पपई मारली. जे साधलं ते जगात कुणालाही नको आहे. प्रविणचा कीबोर्ड, पांड्याची छाती, शाळेतली पोरं — सगळ्यांनी माझी खोड चाल म्हणून पाठ केली. उद्या शंभर वर्षांनी कुणी शहाणा येईल आणि या खंडाचा अर्थ सांगेल. पीएचडी करेल गाढव!

रूपीला बघून आलो. पायाला पाला बांधलाय. मला म्हणाली, "मामा, घाबरू नको, होता असा." मला! घाबरू नको! पोरीएवढी ती.

पाड्यात अजून दोन दिवस नाच आहे. जाणार नाही.

९ ऑक्टोबर
गेलो. पांड्याने तारपा पुढे केला. वळणाची चाल आली. छातीत दम भरपूर होता, तरी थांबलो. इतकी वर्षं त्या जागी लाजेने डोळे मिटलेले असायचे. आज उघडे ठेवले. एक पाय वर धरून अख्खा पाडा माझ्याकडे बघत उभा होता — मी पुन्हा सुरू करेपर्यंत.