माझ्या दारावरचा एकच कागद

मी, नेवेना स्तामेनोवा बाच्वारोवा, वय सेहेचाळीस, भूगोलाची शिक्षिका, राहणार द्र्यानोवो, हे सगळे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सोमवारी पोटाचे ऑपरेशन आहे म्हणून लिहिते, घाबरून नाही. (थोडे घाबरूनही.) आमच्या कायद्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. माझा भाऊ राजकारणात आहे.

१. घर आणि मागचे भाजीचे वाफे मावसबहीण झ्लात्का हिला. शिल्लक पैशांतून माझे अंत्यसंस्कार करावेत. उरेल त्यातून शाळेला नवे नकाशे घ्यावेत. जुन्यांवर अजून मोडलेले देश आहेत.

२. बाबांची हत्यारपेटी दादाला. त्याने ती कधी मागितली नाही. म्हणूनच.

३. माझ्या मृत्यूची खबर देणारा काळ्या चौकटीचा कागद फक्त माझ्या दारावर लावावा. बसथांब्यावर, झाडावर, पालिकेच्या भिंतीवर नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने नवा लावतात, तोही लावू नये. खाली कोणाचे नाव नको, हुद्दा तर नकोच.

कारण लिहिणे भाग आहे. बाबा गेले तेव्हा दादा, म्हणजे स्विलेन बाच्वारोव, कर्नल म्हणून नुकताच निवृत्त झाला होता आणि गावाबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याने बाबांचा कागद जिल्ह्यातल्या प्रत्येक थांब्यावर लावला. खाली ‘शोकाकुल पुत्र, कर्नल स्विलेन बाच्वारोव’. चाळिसाव्याला निवडणुकीची कुजबुज सुरू झाली होती. त्या कागदावर बाबांशेजारी दादाचा गणवेशातला फोटो होता. सहा महिन्यांच्या कागदावर बाबा कोपऱ्यात गेले.

मी विचारले, तेव्हा म्हणाला, “अगं, बाबांनी जन्मभर बस चालवली. प्रत्येक थांब्यावर त्यांना ओळखणारं कोणीतरी आहे.”

हे खरे आहे. पण डोंगरापलीकडच्या थांब्यांवरही कागद होते. तिकडे बाबांची बस कधीच गेली नाही. मतदारसंघ मात्र तोच.

पुढे प्रचाराचे पोस्टर छापताना छापखान्याच्या इल्कोने दादाने लावलेल्या बाबांच्या कागदाचाच साचा घेतला आणि काळी चौकट काढायला विसरला. शेजारच्या पेनामावशी छातीवर क्रूसाची खूण करत धावत आल्या.

“नेवे, स्विलेन गेला गं! थांब्यावर लावलंय!”

“मावशी, तो निवडणुकीला उभा आहे.”

“मग उभं राहायची ही काय तऱ्हा? मी मेणबत्ती लावून आले ना देवळात!”

सगळे गाव हसले आणि सगळ्या गावाने त्यालाच मत दिले. आज तो संसदेत पक्षाचा नेता आहे. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर संरक्षणमंत्री होईल म्हणतात.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही तर हा कागद खोटा ठरेल. बाबांचा पहिला कागद दादाने आपल्या हाताने घराच्या दारावर चिकटवला होता. बाबांच्या नावावरून त्याने दोनदा तळहात फिरवला. कागद तिरका लागला आणि त्याने तो तसाच राहू दिला. तेव्हा आजूबाजूला बघणारे कोणी नव्हते. निदान मी आत आहे हे त्याला ठाऊक नसावे, असे मला वाटते.

४. गेल्या रविवारी दादा आला. अंगरक्षक अंगणात उभे. त्याने आमच्या वाफ्यातले टोमॅटो मीठ लावून खाल्ले आणि म्हणाला, “नेवे, तुझा एखादा चांगला फोटो दे ना.”

“कशाला?”

“पाकिटात ठेवायला. माझ्याकडे तुझा एकही नाही.”

“ऑपरेशन सप्टेंबरात, मतदान ऑक्टोबरात. बरोबर ना, दादा?”

त्याने हातातला टोमॅटो ताटलीत ठेवला. “तू मला असं समजतेस?”

मी ताटली उचलून आत नेली. फोटो दिला नाही. चार दिवस झाले, कधी ‘हो’ वाटते, कधी ‘नाही’.

म्हणून शेवटचे. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो दादाला द्यावा. नखापेक्षा थोडा मोठा आहे. इल्कोला दाखवून घेतला. “बाई, हा मोठा केला तर नुसते ठिपके येतील,” तो म्हणाला. पाकिटात छान बसेल. बाकीचे सगळे फोटो मी काल चुलीत घातले.

दारावरचा कागद दादाने स्वतः चिकटवला तर माझी हरकत नाही. तिरका लागला तरी चालेल.

सही: नेवेना बाच्वारोवा
द्र्यानोवो, ५ सप्टेंबर २०२४

आमच्यादेखत लिहून सही केली:
पेना गानेवा, शेजारीण (दोनदा वाचून)
इल्को द्रागोएव, छपाईवाला (जुना साचा मोडून टाकल्याचे सांगून)