लिंकनचं राहिलेलं पान

१९ जानेवारी

ती. ताईस,
स्वरूपचा नमस्कार.

अकरा दिवस हे पत्र टाळतोय. तुझे दोन्ही व्हॉइस मेसेज ऐकलेत. फोनवर तू रडतेस आणि मी कट करतो, म्हणून कागद घेतला. कुठून लिहितोय ते वर टाकलं नाही, मुद्दाम.

मी बरा आहे. मध्ये गोव्यात होड्या रंगवल्या. तिथे एक म्हातारा होता, पायाच्या बोटांत ब्रश धरून... ते जाऊ दे.

अण्णांचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा, डॉक्टर म्हणाले जवळच्यांना बोलावून घ्या, हे कळलं. तू विचारलंस, "असं काय केलं रे अण्णांनी, की तू तोंडही दाखवत नाहीस?"

त्यांनी काही केलं नाही, ताई.

लायब्ररीच्या रद्दीतून त्यांनी लिंकनचं चरित्र आणलं होतं, आठवतं? शाळेतले शिपाई, पण लिंकन हेडमास्तरांपेक्षा पाठ. "लाकडाच्या झोपडीत जन्मला, सगळी मिळून वर्षभरसुद्धा शाळा नाही, निवडणुका हरला, तरी अमेरिकेचा प्रेसिडेंट झाला. आणि आमचे लिंकनसाहेब बघा, ट्यूबलाइटखाली घोरतायत!" दहावीला दोनदा आपटलो तरी सकाळी हाक तीच, "उठा, लिंकनसाहेब."

घर सोडलं त्या दिवशी, तू चिपळूणला सासरी होतीस, मी ते पुस्तक मधूनच उघडलं आणि नेमकं पान सापडलं. लिंकनचा बाप मरायला टेकला होता, सावत्र भावाची पत्रं येत होती, लिंकन उत्तर देत नव्हता. भेटायला गेला नाही. मातीलाही नाही. मी ते अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वर म्हणालो, "तुमच्याच लिंकननं शिकवलंय. मीपण येणार नाही."

माईच्या हातातली परात पडली. सावत्र असून ती रडली. अण्णा चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

तुम्हा सगळ्यांना वाटतं त्यांनी मला घालवलं. म्हणजे मी काय बोललो ते त्यांनी, आणि माईनंही, कुणाला सांगितलंच नाही.

पुस्तक सहा वर्षं माझ्याच पिशवीत आहे. मी कुठलीच गोष्ट पुरी करत नाही, तुला ठाऊक. परवा पहिल्यांदा ते पान उलटलं. पुढे लिहिलंय, दहा वर्षांनी, प्रेसिडेंट म्हणून निवडून आल्यावर, वॉशिंग्टनला जाण्याआधी तो सावत्र आईला भेटायला गेला. बापाच्या थडग्यावरही गेला. तिथे काय बोलला, ते लिहिलेलं नाही.

आता सांगतो. मी चेणे गावात आहे, माझा मित्र अल्पेशच्या खोलीवर, रोपांच्या नर्सरीच्या गोदामावर. भाईंदरला आपल्या घरी रिक्षानं पाऊण तास. दोनदा आपल्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो. नवा वॉचमन म्हणाला, "किसके यहाँ जाना है?" मला अण्णांचं नाव घेता आलं नाही.

अल्पेश काल भडकला. "जा ना यार! नंतर फोटोसमोर भाषण देणार काय?" आज सकाळी तो भाईंदरला गेला, तेव्हा तोंड बंद ठेव म्हणून शपथ घातली होती.

थांब, खाली रिक्षा थांबलीय.

ताई, माई उतरली. आणि तिच्या खांद्याला धरून अण्णा. अर्धे झालेत गं. आवाज मात्र तसाच, "लिंकनसाहेब, हा जिना मला चढवणार नाही. तुम्हीच खाली या."

उतरतोय.

तुझा
स्वरूप