चौदाव्या पानावरचा सारस

पुणे, १८ नोव्हेंबर २०२४

ती. दामिनीताईस,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

चिवडा पोचला आणि दोन दिवसांत संपला. फोनवर आपण दोघी आईच्या गुडघ्यापलीकडे जातच नाही, म्हणून पत्र. शिवाय हस्तलिखितांच्या वाचनालयात फोन बाहेर पेटीत ठेवावा लागतो. पेनही नेता येत नाही, फक्त शिसपेन्सिल. म्हणून अक्षर असं फिकट.

आता खरी बातमी. दिवाळीत केशोरीला आईकडे मी आपल्या पोथीचे फोटो काढले, आठवतं? आपले पूर्वज माळव्यातून येताना घेऊन आले म्हणतात ती. जुन्या सचित्र पोथ्या हाच माझा अभ्यास, आणि घरच्या पोथीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. चौदाव्या पानाच्या समासात एक सारस आहे. एक पाय उचललेला, मान मागे वळवलेली. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. माळव्याच्या पोथ्यांत असा सारस त्यांना कधी भेटलेला नाही. त्यांना वाटतं, एखादा चित्रकार आपल्या लोकांबरोबर इकडे आला असावा आणि आपल्या तलावांवर जे दिसलं ते त्याने काढलं. २० जानेवारीला परिषदेत मी यावरच निबंध वाचणार आहे. पीएच.डी.ची जागा त्यावर ठरेल.

बकारामआजांनी या सारसाबद्दल तुला काही सांगितलं होतं का? पोथी दसऱ्याला बिनलग्नाच्या मुलीनेच उघडायची हा आपल्या घरचा नियम, आणि लग्नाआधी इतकी वर्षं ती तूच उघडत होतीस.

उमेंद्रभाऊजींना नमस्कार. तुझ्या मायेवर नेहमीचा हक्क सांगते.
तुझी रुचिका

सडक अर्जुनी, १ डिसेंबर

चि. रुचिकास,
अनेक आशीर्वाद.

इथे धानाची मळणी चालू आहे. दोनदा आंघोळ केली तरी मानेवरचा कोंडा जात नाही. परवा केशोरीला जाऊन आले. आई विचारून राहिली होती, का ही पोरगी जुन्या कागदात काऊन डोकं घालते. मी म्हटलं, हुशार लोकांचं असंच असते. आई म्हणाली, तू टोमणा मारून राहिली. मी नाही म्हटलं. मारला होता.

आजांनी सारसाबद्दल मला काही सांगितलं नाही.

तुझ्या बाईंनी चष्मा पुसला हे वाचून मला आमचे चित्रकलेचे सर आठवले. इंटरमीजिएटच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली तेव्हा त्यांनीही पुसला होता. पुढे बारावीनंतर नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. तो बरेच दिवस कपाटात होता. मग त्यावर माझ्या लग्नपत्रिकांचे नमुने ठेवले गेले. तुला आठवणार नाही, तू दुसरीत होतीस. आता तू एकही चित्र न काढता चित्रांमध्ये मोठी होशील. चांगलंच आहे. कोणी काढायची, कोणी सांगायची.

शिसपेन्सिलीने बोटं काळी होत असतील, जप.

लोभ किती आहे ते मोजू नकोस. आहे.
दामिनी

पुणे, १२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. काहीतरी खुपतंय तुला, पण काय ते तू सांगणार नाहीस. तुझं नेहमीचंच. पोटात दुखतं तेव्हा तू भांडी जोरात घासतेस.

निबंध स्वीकारला गेला. छापील कार्यक्रमात माझं नाव आहे. वर्गात सगळे माझ्या चित्रकाराला ‘केशोरीकर’ म्हणू लागले आहेत. तो कसा असेल, याचा मी सारखा विचार करते. मानेची रेघ त्याने कुंचला न उचलता एका दमात ओढली आहे. पोथीतली बाकीची चित्रं नीटनेटकी आहेत, पण ती शिकवल्यासारखी. हा सारस मात्र त्याने तळ्याकाठी बसून पाहिलेला आहे. बाईंनी एकच शंका काढली. सारस नेहमी जोडीने असतात, मग त्याने एकटाच का काढला? मी लिहिलं आहे की तो गाव सोडून आलेला माणूस होता, त्याची जोडी मागे राहिली असावी. हे वाचून बाईंनी आपल्या शंकेवर रेघ मारली.

खरं सांगू, असा हात मला असता तर मी अभ्यास कशाला केला असता.

राग असेल तर रागावून लिही, पण लिही.
तुझीच रुचिका

सडक अर्जुनी, २६ डिसेंबर

चि. रुचिकास,
अनेक आशीर्वाद.

तो निबंध वाचू नकोस. तुझा केशोरीकर मी आहे.

मी पंधरा वर्षांची होते, तू चार. दसऱ्याला मी पोथी उघडली आणि आजा हातपाय धुवायला गेले. तू नाचत आलीस आणि समईला लाथ मारलीस. चौदाव्या पानाच्या समासात तेल सांडलं. वर दीड बोट लांब आणि खाली फुगीर असा डाग पडला. आजांनी तुला सोलून काढलं असतं. मी पोथी झटकन बांधली आणि संध्याकाळी सगळे सोनं वाटायला गेले तेव्हा पुन्हा सोडली. समईचं काजळ, चुना, ओटा सारवायचा गेरू आणि डोक्यावरचा लाल म्हणून देव्हाऱ्यातलं कुंकू. बकरीच्या केसांचा कुंचला. डाग सारसासारखा दिसत होता, म्हणून सारस. एकटा का, तर डाग एकाच्याच मापाचा होता. तुझ्या बाईंना सांग.

आता मनातलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मी गप्प बसले. ज्या जागेवर मी बसायची होते तिथे तू बसली आहेस, हे मला कधीपासून सलतं. एक दिवस तर वाटलं, वाचू दे तिला, सगळ्यांसमोर पडू दे तोंडावर. चुलीपुढे बसून मी हे मनात घोळवलं आणि मला बरं वाटलं. मग तुझं दुसरं पत्र आलं. त्या माणसाच्या हाताचं एवढं कौतुक. मला त्याचाच हेवा वाटला, रुचिका. जो कधी जन्मालाच आला नाही त्याचा. माझ्या हाताला जे कोणी म्हटलं नाही, ते तू त्याला म्हणत होतीस.

काल केशोरीला गेले. नियम मोडून पोथी सोडावी की नाही म्हणून दारात उभी राहिले. आई म्हणाली, उघड ना, पोथीले का समजते तुयं लगन झालं का नाही. अठरा वर्षांनी पाहिला त्याला. डावा पाय जरा जाड झाला आहे.

खात्रीसाठी सोबत दुसरा सारस काढून पाठवते, त्याच सामानाने. तुला राग येईल. येऊ दे.

लोभ ठेव म्हणण्याचं तोंड नाही, तरी म्हणते.
दामिनी

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. पहिल्या पत्राला उत्तर देताना दोन ओळी लिहिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? निबंध मागे घेतला. बाई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की पोथी नीट न तपासता नुसत्या फोटोवरून बोलणं ही माझी चूक, आणि जागेचं आता पुढच्या वर्षी बघू. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून रडले. मग ही सगळी समई माझ्याच लाथेने सांडली हे आठवलं, आणि रडणंही धड होईना.

तुझा दुसरा सारस बाईंच्या टेबलावर फोटोशेजारी ठेवला. मानेची रेघ तशीच, एका दमातली. बाईंनी चष्मा पुसला. तुझ्या सरांसारखा. आणि ताई, मला तुझा हेवा वाटला. लहानपणी तुझ्या मांडीशी बसून कुंचला कसा फिरतो ते बघत राहायची, तेव्हाही वाटायचा. म्हणून तर मी बघणारी झाले.

पोथीच्या पानांची वर्णनं करायचं काम मी सोडलेलं नाही. बाकी सगळ्या पानांपुढे लिहावं लागलं, चित्रकार अज्ञात. चौदाव्यापुढे लिहिलं: समासात सारस, नंतर काढलेला, चित्रकार दामिनी, केशोरी, वय पंधरा. पूर्ण पोथीत नाव असलेली तू एकटी आहेस.

येत्या दसऱ्याला पोथी तू उघडायची, आईला सांगून ठेवलं आहे. समई मी धरीन. दोन्ही हातांनी.

राग अजून थोडा शिल्लक आहे, तो असू दे. माया त्याच्या वर ठेव.
तुझी रुचिका