कोर्बिनियनला टेबलावरून ओढायचंय

१२ एप्रिल

कोर्बिनियनच्या गाई पुन्हा माझ्या गवतात! फाटकाची कडी उघडी. गेल्या आठवड्यातही तेच. सख्खा थोरला भाऊ खरा, पण असा शेजारी वैऱ्यालाही मिळू नये.

१४ एप्रिल

खानावळीत गाठला. म्हटलं, "कडी लावायला हात झिजतात का रे?" सगळे हसले, तो नाही. म्हणाला, "तुझं गवत गोड लागतं गाईंना, मी काय करू?" मी भडकलो. म्हटलं, जूनमध्ये पेंटेकॉस्टच्या सणाच्या जत्रेत टेबलाशी समोरासमोर बसू, एका चामडी कड्यात दोघांची बोटं, जो दुसऱ्याला टेबलावरून ओढेल तो जिंकला. हरेल त्याने कुंपण दुरुस्त करायचं. तर हा म्हणतो, "कुंपण कसलं लावतोस? वरचं कुरण लाव. दोघांत आहे ते एकाचं होऊ दे."

काय हा माज! लावलं.

मला त्याला आजवर एकदाही ओढता आलेलं नाही. बाप होता तेव्हाही नाही.

१५ एप्रिल

व्यायाम सुरू. दांड्याला दोरी, दोरीला दुधाचा भरलेला कॅन. हात समोर ताठ धरून दांडा फिरवत कॅन वर आणायचा, तसाच हळूहळू खाली. कोपरापासून मनगटापर्यंत नुसती आग. मग टेनिसचा जुना चेंडू दाबत बसलो. आफ्रा म्हणाली, "एवढा जोर कणकेला लावलास तर घरात पाव तरी होईल." नवऱ्याला धीर द्यायची तिची ही रीत.

२३ एप्रिल

गोठ्याच्या तुळईला चामडी कडं अडकवलं. त्यात मधलं बोट, बाकी सगळा मी लोंबतोय. बोटाची साल निघाली. बरं वाटलं.

१ मे

चौकात मे महिन्याच्या सणाचा उंच खांब उभारला. कोर्बिनियनच्या हातून बिअरचा मग सुटला — थेट माझ्या नव्या बुटांवर! "पाय मागे घ्यायला शिक," म्हणे. माफीचा शब्द नाही. पुढचा मग दोन्ही हातांनी धरून प्याला. चढली असणार.

९ मे

बोट सुजलंय. सुट्टी. आफ्रा चरबी चोळते आणि बडबडते.

२२ मे

फाटक पुन्हा उघडं. या वेळी भांडलो नाही, स्वतःच लावलं. कडीची स्प्रिंग गंजलीय, चांगली दाबावी लागते. पण माझ्या बोटांना आता काय! चटकन बसली.

७ जून, पेंटेकॉस्ट

जिंकलो!!

मध्ये टेबल, दोघांच्या बोटांत ते कडं. पंच ओरडला आणि कोर्बिनियन आलाच — पोटावर सरकत, अख्खं टेबल ओलांडून! मी इतक्या जोरात मागे गेलो की मला झेलायला बसलेला वास्टल माझ्यासकट जमिनीवर. लोकांना कळायच्या आत संपलं होतं. "कुरण तुझं," कोर्बिनियन म्हणाला. "नीट सांभाळ." हसत होता.

फार आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

८ जून

सकाळपासून डोक्यात एकच. त्याने जोर लावलाच नाही! पलीकडून ओढ अशी नव्हतीच. जन्मभर वाट पाहिली आणि याने मला भीक घातली. आफ्रा म्हणते, "जिंकलास तरी रडतोस." उद्या जाऊन तोंडावर विचारणार.

९ जून

विचारलं.

"लावला होता," तो म्हणाला. "होता तेवढा सगळा."

हिवाळ्यापासून उजव्या हाताची बोटं ऐकत नाहीत त्याची. डॉक्टर म्हणतात, डावा हातही जाणार. "कुरण नुसतं मागितलं असतंस तर दिलं नसतं. हरून दिलं, त्यात लाज नाही."

त्याच्या शर्टाची बटणं उघडीच होती. मी लावली. त्याने मान वर करून लावू दिली.