तिसऱ्या पानावरची आद्याक्षरं

गुरुवार, ६ जानेवारी

कालच्या नोंदीत चूक आहे. लिहिलं होतं – ‘क्विगच्या फाइलला पेलसाहेबांनी क्रमांक दिला.’ तसं नाही. त्यांनी सांगितलं. दिला मी. माझ्या हातानं, माझ्या पेननं, नऊ डिसेंबरला.

कालच्या वाक्यावर एकच रेघ ओढली आहे, खालचं वाचता येईल अशी. आईची शिस्त. आम्ही सहाही भावंडं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकलो, शाळेची पायरी चढलो नाही. आणि त्या टेबलावर खोडरबर नसायचं. चुकलं की एक रेघ, शेजारी बरोबर उत्तर, खाली तारीख. ‘कुठे वाट चुकलीस ते मला दिसलं पाहिजे,’ आई म्हणायची.

तर मग नीट लिहिते. आमच्या कचेरीत राष्ट्राध्यक्षांकडे मागायच्या माफीचे अर्ज येतात त्या क्रमानं त्यांना आकडा मिळतो. अर्जदार मेला तर त्याचा आकडा दुसऱ्याला देत नाहीत. पुढे ‘मयत’ लिहायचं आणि जागा तशीच ठेवायची. ऑगस्टमध्ये आयडाहोच्या एका बाईंचा अर्ज आला आणि त्याच महिन्यात त्या वारल्या. त्यांचा आकडा रिकामा होता. डिसेंबरात पेलसाहेब एक हिरवं पाकीट घेऊन आले. आत काही नाही! ना अर्ज, ना तीन ओळखीच्या माणसांची शपथपत्रं, ना पोलिसांचा अहवाल. वर नाव – रँडल क्विग. म्हणाले, “हे त्या ऑगस्टच्या जागेत बसव, टॅबिथा. आकडा वाया कशाला घालवायचा?”

मी बसवलं. आकडा वाया जाऊ नये एवढंच डोक्यात आलं. मूर्ख!

त्या आकड्यामुळे आता क्विग ऑगस्टपासून रांगेत उभा असल्यासारखा दिसतो. तो रांगेत कधीच नव्हता.

शुक्रवार, ७ जानेवारी

यादी तयार. एकसष्ट नावं, आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं, तीन पानं. शेजारच्या टेबलावरच्या वर्लीनबाईंनी मोठ्यानं वाचली, मी पट्टी धरून ओळीओळीनं मिळवली. प्रत्येक पानाखाली माझी आद्याक्षरं – टॅ. ग्रू. म्हणजे या पानावरची प्रत्येक फाइल मी उघडून पाहिली आहे, तिच्यातला प्रत्येक कागद आहे. या कचेरीत त्या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच, आणि एवढा मोठा.

शेवटचं नाव – आर्लो व्हिटकॉम. ते वाचताना वर्लीनबाई हसल्या. “घे, तुझा म्हातारा आला एकदाचा!”

वरचा मुख्य कागद सही होऊन आधीच आला आहे. राष्ट्राध्यक्ष निरोपाच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी सही करून गेले. त्यात अक्षरी लिहिलंय – ‘सोबतच्या यादीतील एकसष्ट व्यक्तींना’.

खाली रस्त्यावर नव्या माणसाच्या शपथविधीसाठी लाकडी बाकं ठोकतायत. दिवसभर ठक् ठक्. वीस तारखेला दुपारी बाराला जुन्यांची सत्ता संपणार. त्यांची तसबीर उतरवायला जिन्यात शिडी आणूनही ठेवलीय!

सोमवार, १० जानेवारी

आर्लोंचा फोन. एरवी महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो. या वेळी आठवडाभर उशीर. जूनला – त्यांच्या बायकोला – डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं.

“काय ताई, अजून नोकरीवर आहात ना? का तुम्हालाही साहेबांबरोबर घरी पाठवतायत?”

“आहे मी. जूनबाई कशा आहेत?”

“मला ओळखते ती. पण आवाजावरून. मधलं सगळं धूसर झालंय, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंतच वाचता येईल, तेही मोठ्या अक्षरात.”

त्यांना दुसरं काही नको. पंचेचाळीस वर्षांपूर्वी नेब्रास्कात जुन्या मोटारी विकायचे आणि विकण्याआधी मैलांचं मीटर मागे फिरवायचे. अकरा गाड्या. आठ महिने तुरुंगात काढले. सुटून त्याच गावात परतले, अकराही घरी जाऊन माफी मागितली. अकराही जणांनी दिली. आता सरकारचा कागद तेवढा हवा. जूनला तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचाय.

यादीत नाव आहे हे आत्ता सांगायची मनाई आहे. मी सांगितलं नाही. पण आवाजातून कळलं असणार, कारण म्हणाले, “बरं बरं, तुम्ही काही बोलू नका. मीही काही ऐकलं नाही!”

गेल्या नाताळात त्यांनी रानचेरीच्या मुरांब्याची बरणी पाठवली होती. भेट घेता येत नाही म्हणून मी ती परत धाडली. वर्लीनबाई अजून चिडवतात – “बरणीला राजधानी दाखवून परत धाडणारी पोरगी!”

बुधवार, १२ जानेवारी

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

पेलसाहेबांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. टेबलावर तिसरं पान. नवीन. प्रुइट, मग क्विग, मग रासमुसेन... शेवटचं नाव वॉल्ड्रॉन. आर्लो नाहीत!

“एक नाव कमी आहे,” मी म्हटलं.

“मोजून बघ. एकसष्टच आहेत.”

“व्हिटकॉम नाहीत.”

“वरच्या कागदावर एकसष्ट लिहिलंय, टॅबिथा. अक्षरी. सहीसकट. बासष्ट कुठून करू? एक आत आला की एक बाहेर. तो शेवटचा होता, गेला. म्हाताऱ्यानं चाळीसेक वर्षं काढलीच आहेत की.”

मी विचारलं, “क्विगना कशाची माफी?” खरं तर माहीत होतं, सगळ्या देशाला माहीत आहे. राष्ट्राध्यक्षांच्या प्रचाराची सगळी सूत्रं क्विगच्या हातात होती. साक्षीदारांना फितवल्याबद्दल तो दोषी ठरलाय. चोवीस तारखेला शिक्षा सुनावणार. शिक्षा कमी होणार असेल तर कोणाच्या सांगण्यावरून केलं ते सांगतो, असं त्याच्या वकिलानं मागच्या आठवड्यात बोलून दाखवलं. आता शिक्षाच होणार नसेल तर तो तोंड कशाला उघडेल?

पेलसाहेब म्हणाले, “माफी द्यायचा अधिकार त्यांचा आहे. कोणालाही. तुला, मला, त्या दारावरच्या शिपायाला. त्यात बेकायदा काय?”

“काहीच नाही. मग त्यांनी सरळ द्यावी. वेगळ्या कागदावर. आमच्या यादीत कशाला?”

ते हसले. “घरी शिकलेल्या मुलांचं हे असंच. परीक्षेत कोणी बघत नसलं तरी कॉपी करत नाहीत!” मग हसणं गेलं. “वेगळ्या कागदावर दिली की उद्या शंभर जण विचारतील. यादीत असला की तो एकसष्टातला एक. कचेरीनं तपासलेला. खाली कर आद्याक्षरं.”

मी म्हटलं, विचार करते.

“कर. शुक्रवारपर्यंत. पण एक लक्षात ठेव – हे पान अडलं तर अख्खी यादी अडते. वीस तारखेला बारा वाजून गेले की ती सही म्हणजे नुसती शाई. साठ माणसं, साठ घरं. त्यांना तू फोन कर आणि सांग का अडलं ते.”

बाहेर आले तेव्हा लक्षात आलं – मी त्यांना ‘थँक यू’ म्हणून आले!

गुरुवार, १३ जानेवारी

वर्लीनबाईंना सांगितलं. दुपारी, जिन्यात, त्या डब्यातलं राजम्याचं कालवण खात होत्या. तीस वर्षं आहेत इथे.

“पोरी, जाणारे राष्ट्राध्यक्ष मी बरेच पाहिलेत. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला मित्र आठवतात. कोणाचा व्याही, कोणाचा मेव्हणा. पण ते आपले राजरोस देतात आणि शिव्या खातात. आपल्या रांगेत चोरून घुसवलेला हा पहिलाच.”

“मी काय करू?”

“ते मी सांगायचं नाही. मी सांगितलं तर उद्या तू माझं नाव घेशील.” चमचा चाटला. “जुन्या तिसऱ्या पानाची प्रत माझ्याकडे आहे. शुक्रवारीच काढून ठेवली. हवी तेव्हा माग.”

“तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“मला पेल माहीत होता.”

रात्रभर ती साठ नावं डोक्यात. ह्युस्टनची नर्स. मेनचा तो मासे पकडणारा. प्रत्येकाची फाइल मी वाचली आहे, प्रत्येकाच्या मुलांची नावं मला पाठ आहेत. एकासाठी साठ बुडवायचे? आणि सही केली तर आर्लो एकटेच बुडतात – तेही त्यांना न कळता.

आर्लोंनी मीटर मागे फिरवलं. मी आकडा मागे फिरवला. त्यांना आठ महिने झाले. मला नवीन खुर्ची मिळाली नाताळात.

शुक्रवार, १४ जानेवारी

सही केली नाही.

पान पेलसाहेब घेऊन गेले. संपलं.

शनिवार, १५ जानेवारी

दिवसभर घराबाहेर पडले नाही. पाव आणि चहा.

रविवार, १६ जानेवारी

प्रार्थनेला गेले, मध्येच उठून आले. सगळे वळून बघत होते – किंवा मला तसं वाटलं.

घरून फोन. मिझुरीत दोन फूट बर्फ पडलाय. बाबांनी एका घोड्याला नाल ठोकताना अंगठा ठेचून घेतला, घोडा मात्र मजेत! मग आई आली.

“टॅबी, आवाज असा का?”

“सर्दी.”

“बरं. आलं टाकून पाणी पी.” आणि मग – “मागच्या पत्रात लिहिलं होतंस ते मोकळ्या पाकिटाचं – वरच्यांना सांगितलंस का?”

“वरच्यांनीच तर दिलं होतं, आई.”

“मग त्यांच्याही वरच्यांना.”

मी म्हटलं, हो, बघते. आईनं पुढे विचारलं नाही. ती पुढे विचारत नाही तेव्हाच भीती वाटते.

सोमवार, १७ जानेवारी

सुट्टी. कचेरी बंद. संदूक आवरली, परत विस्कटली.

मंगळवार, १८ जानेवारी

सकाळी वर्लीनबाई जवळ आल्या. “केलीस?”

“नाही.”

“शाब्बास!” असं म्हणून त्यांनी माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवलं. अजून तिथेच आहे. सोलवत नाही.

यादी दुपारी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे गेली. उद्या संध्याकाळी जाहीर करणार.

अकरा वाजता आर्लोंचा फोन. मी दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

“ताई, त्रास देत नाही. एवढंच विचारतो – कागद टपालानं येतो की माणूस आणून देतो? जून म्हणते, माणूस येणार असेल तर पडदे धुवायला काढते.”

मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

“बरं, राहू द्या. धुवू देत तिला. तसेही मळलेत.” मग, मी फोन ठेवला नाही म्हणून असेल, आपणहून बोलत राहिले. “ताई, एक सांगू? पहिल्या गाडीचं मीटर फिरवलं तेव्हा माझा हात असा कापला की स्क्रू दोनदा खाली पडला. दुसऱ्या गाडीला कापला नाही. जज्जानं अकराही गाड्यांचं विचारलं. मला मात्र अजून ती दुसरीच टोचते. पहिल्या वेळी कळलं नव्हतं म्हणता येतं. दुसऱ्या वेळी कळत होतं.”

“काका,” मी म्हटलं, “पडदे धुवू नका म्हणावं. आत्ता नको.”

पलीकडे त्यांनी जूनला हाक मारून पडदे राहू दे म्हटलं.

“बरं,” म्हणाले. “तुम्ही जपा, ताई.”

मंगळवार, १८ जानेवारी, संध्याकाळी

शुक्रवारची नोंद खोटी आहे. तिच्यावर रेघ ओढली.

बरोबर उत्तर – सही केली. नव्या तिसऱ्या पानाखाली. टॅ. ग्रू. हात कापला नाही. साठ घरं डोळ्यांसमोर आणली आणि केली. मग वर्लीनबाईंशी खोटं बोलले, आईशी बोलले, आणि सगळ्यात आधी या वहीशी.

आत्ता जाऊन वर्लीनबाईंना खरं सांगितलं. त्यांनी संत्रं उचलून पर्समध्ये टाकलं. दारापर्यंत गेल्या, वळल्या, जुन्या पानाची प्रत माझ्या हातात दिली. तिच्याखालीही माझीच आद्याक्षरं आहेत, आणि ती खरी आहेत. ते पान धरूनही एकसष्टच भरतात.

साठांचं काय होईल, माहीत नाही. माझं काय होईल, ते थोडं माहीत आहे.

खात्याचे तपासनीस समोरच्या इमारतीत बसतात, पाचव्या मजल्यावर. दार नऊला उघडतं. जुन्या पानाची प्रत, नव्या पानाची कचेरीच्या दप्तरातली प्रत, हिरवं पाकीट आणि ही वही.

उद्या. बुधवार, १९ जानेवारी.